बोलणारीं चित्रें

हल्लीं असा दिवस उगवत नाहीं कीं, ज्या दिवशीं कोणी ना कोणी आप्त आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एखादी माहितीची चित्रफीत पाठवीत नाहीं. सकाळचा चहा होतो न होतो तोंच मधुमेहावर कारल्याचा रस, दुपारीं वीजबिल वाचण्याची रीत, रात्रीं मृत्युपत्र कसें करावें. बहुतेकींचा थाट एकच. रंगीत चौकटी एकामागून एक सरकतात, त्यांत ठळक अक्षरांनीं मजकूर मांडलेला असतो, आणि मागें कोणी सद्गृहस्थ तोच मजकूर अक्षरशः वाचून दाखवीत असतात. आमच्या वहिनी त्या नेमानें पाहतात. संध्याकाळीं विचारावें तर त्यांस कारलें तेवढें स्मरतें. किती व केव्हां घ्यावयाचें तें स्मरत नाहीं.

या चित्रफिती करणारे कोणी सिनेमावाले नव्हेत. ज्यास संगणकावर पॉवरपॉइंटमध्यें दहा-पांच स्लाइड मांडतां येतात व ज्याच्याजवळ बरासा माइक आहे, अशा कोणासहि त्या करतां येतात. मग तो शिक्षक असो, वैद्य असो, कीं आमच्यासारखा निवृत्त मास्तर असो. आम्हींहि गेल्या कांहीं वर्षांत अशा वीस-बावीस केल्या. त्यांपैकीं एकीनें आम्हांस जो धडा शिकविला तो पस्तीस वर्षांच्या नोकरीनें शिकविला नव्हता. ती हकीकत पुढें ओघानें येईल.

चित्र दाखवावें आणि त्यावर बोलावें ही कला नवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. आमचें गांव कुडाळ तालुक्यांत. तेथून जवळच पिंगुळी. त्या गांवचे ठाकर लोक पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करीत आले आहेत, आणि इ. स. २०२१ सालीं त्यांच्यापैकीं परशुराम आत्माराम गंगावणे यांस पद्मश्री मिळाली हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. चित्रकथ्यांजवळ रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं सुटीं चित्रें पोथीसारखीं बांधलेलीं असतात. एक एक चित्र पुढें धरावयाचें व वाद्यांच्या साथीवर त्याची कथा सांगावयाची. लहानपणीं देवळाच्या ओसरीवर बसून आम्हीं हा खेळ पाहिला आहे. त्या वेळीं उमजली नव्हती अशी एक गोष्ट आतां उमजते. चित्रांत रावण दिसतच असतो. त्यास दहा तोंडें आहेत हें कथेकरी सांगत बसत नाहीं. त्या दहा तोंडांमागें काय चाललें आहे तें सांगतो. डोळ्यांस जें मिळतें तें तो कानांस पुनः वाढीत नाहीं.

पुढें इ. स. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या यंत्रानें पडद्यावर पाडून निवेदन व संगीत यांच्या जोडीनें खेळ करावयास आरंभ केला. त्या यंत्रास त्यांनीं 'शांबरिक खरोलिका' असें भारदस्त नांव दिलें. शंबरासुर हा मायावी, म्हणून त्याच्या नांवावरून शांबरिक. इतकें सुंदर नांव आज कोणी संगणकाच्या आज्ञावलीस देईल काय? असो. अमेरिकेंतील शाळांमधून विसाव्या शतकाच्या मध्यास याच कल्पनेचें दुसरें रूप रूढ होतें. स्थिर चित्रांची एक फिल्मची पट्टी आणि तिच्या जोडीस ग्रामोफोनची तबकडी. तबकडीवर निवेदन चाले व मध्येंच एक बारीक ध्वनि होई. तो ऐकतांच यंत्रावर बसलेल्या विद्यार्थ्यानें चित्र पुढें सरकवावयाचें. त्याचें एकदां लक्ष चुकलें कीं तेथून पुढील सगळें निवेदन एका चित्रानें मागें-पुढें होई. वाणी नदीविषयीं बोलत आहे आणि पडद्यावर डोंगर उभा आहे! ही चूक वर्गांत हंशावारी जात असेल. ती नेहमींच हंशावारी जाते असें नाहीं.

पॉवरपॉइंट ही आज्ञावली इ. स. १९८७ सालीं मॅकिंटॉश संगणकासाठीं प्रथम निघाली, व त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें ती विकत घेतली. सभेंत उभें राहून बोलणाऱ्या माणसाच्या पाठीशीं दाखवावयाच्या स्लाइड करणें हा तिचा मूळ हेतु. इ. स. २०१० च्या आवृत्तींत स्लाइडींची सरळ चित्रफीत करून देण्याची सोय आली, आणि बोलणारा माणूस सभेंतून नाहींसा होऊन त्याचा आवाज तेवढा स्लाइडीच्या पोटांत जाऊन बसला. फरक दिसावयास लहान, परंतु परिणाम मोठा. सभेंत श्रोत्याच्या कपाळावर आठी दिसली तर वक्ता थांबतो, पुनः सांगतो. चित्रफितीस ती आठी दिसत नाहीं.

आमचा या उद्योगाशीं संबंध आला तो इ. स. २०२० मध्यें. शाळा बंद पडल्या होत्या. आम्ही निवृत्त होऊन दोन वर्षें झालीं होतीं, तरी दहावीच्या मुलांचें संस्कृत अडूं नये म्हणून आम्हांस बोलावणें आलें. आमचा पुतण्या टाळेबंदीमुळें पुण्याहून घरीं आलेला होता. त्यानें दोन संध्याकाळीं आम्हांस सगळें यंत्रतंत्र शिकविलें. आम्हीं मोठ्या हौसेनें समासांवर २७ स्लाइड केल्या. व्याख्या, विग्रह, उदाहरणें, अपवाद, कांहीं सोडलें नाहीं. त्या सर्व खणखणीत आवाजांत वाचल्या. चित्रफीत झाली ४२ मिनिटांची. आठ दिवसांनीं एका चुणचुणीत मुलीस फोन करून विचारलें. ती भीत भीत म्हणाली, "सर, तुम्ही पुढे काय वाचणार ते आमचं आधीच वाचून होतं. मग झोप येते."

आम्हांस राग आला. मग पाणिनीय शिक्षेची आठवण झाली, आणि लाज वाटली. त्या ग्रंथांत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाणें म्हटल्यासारखें वाचणारा, घाईनें वाचणारा, मान हालविणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक आवाजाचा यांच्या पंक्तीस 'लिखितपाठक' म्हणजे लिहिलेलें पाहून वाचणारा हाहि बसविला आहे. हें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां शिकविलें होतें!

आधुनिक मानसशास्त्रहि निराळ्या वाटेनें तेथेंच आलें आहे. कॅलिफोर्नियांतील रिचर्ड मेयर नांवाच्या प्राध्यापकांनीं चित्र, शब्द व वाणी यांच्या मिश्रणानें मनुष्य कसा शिकतो यावर अनेक वर्षें प्रयोग केले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ इ. स. २००१ चा. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: चित्र डोळ्यांनीं व त्याचें विवरण कानांनीं आलें तर तें चांगलें ठसतें, परंतु तेंच विवरण अक्षरांनीं चित्राशेजारीं पुनः लिहिलें तर शिकणें सुधारण्याऐवजीं बिघडतें. कारण डोळा चित्र सोडून अक्षरांकडे धांवतो, आणि मन वाचलेलें व ऐकलेलें यांची ताडातोड करीत बसतें. लांबीविषयींहि असेंच. इ. स. २०१४ मध्यें एडएक्स या संस्थेच्या पाठांतील सुमारें ६९ लक्ष दर्शनांचा अभ्यास झाला, त्यांत लोक सरासरीनें सहा मिनिटांहून अधिक टिकत नाहींत असें दिसून आलें. आमचीं ४२ मिनिटें!

तेव्हां आम्हीं रीत बदलली. ती कशी, हें या उद्योगांत पडूं इच्छिणाऱ्या वाचकांसाठीं सांगतों.

पहिली गोष्ट, स्लाइडीपासून आरंभ करूं नये, संहितेपासून करावा. मुंबईच्या आयआयटीमध्यें प्रा. कण्णन मौद्गल्य यांनीं चालविलेला 'स्पोकन ट्युटोरियल' नांवाचा उपक्रम आहे. संगणकाच्या निरनिराळ्या आज्ञावली शिकविणारे सुमारें दहा मिनिटांचे पाठ ते करतात, व मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचें निवेदन करवितात. त्यांची संहिता दोन रकान्यांची असते. डावीकडे पडद्यावर काय दिसतें तें, उजवीकडे त्या वेळीं काय बोलावयाचें तें. ही साधी युक्ति आम्हीं उचलली. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली कीं काम झालें. दोन्ही रकान्यांत एकच वाक्य दिसूं लागलें कीं समजावें, आपण लिखितपाठक झालों. श्लोक व सूत्र यांस मात्र आम्ही अपवाद करतों. श्लोक दिसावाहि आणि ऐकूंहि यावा; त्याचें अक्षर व त्याचा उच्चार या दोन्ही गोष्टी शिकावयाच्या असतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. चित्र थोडें अंधुक असलें तर लोक सोसतात, आवाज घुमला तर सोडून देतात. मोठा रिकामा दिवाणखाना या कामास अगदीं वाईट. आम्ही माजघरामागील अंथरुणांच्या खोलींत बसतों. तेथें गाद्या व गोधड्या छतापर्यंत रचलेल्या असल्यामुळें आवाज भिंतींवर आपटून परत येत नाहीं. पंखा बंद. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळावी, आणि एकत्र कुटुंबांत हें सांगणें सोपें, करणें कठीण. माइक तोंडापासून वीतभर दूर व किंचित् बाजूस असावा. समोर धरला तर प-वर्गाचीं अक्षरें, विशेषतः फ आणि भ, फुंकरीसारखीं त्यावर आदळतात. बोलण्यापूर्वीं पांच सेकंद गप्प बसून नुसती खोलीची शांतता मुद्रित करावी. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीस हा मासला दाखविला कीं ती तेवढी घरघर सबंध ध्वनींतून पुष्कळशी काढून टाकते. मिनिटास शंभर-सव्वाशें शब्दांहून अधिक वेग नसावा असा आमचा अनुभव आहे. वृत्तनिवेदकांची बरोबरी करूं नये.

पॉवरपॉइंटमध्यें प्रत्येक स्लाइडीचा आवाज त्या त्या स्लाइडीस चिकटून राहतो. यांत मोठी सोय आहे. सातव्या स्लाइडींत जीभ अडखळली तर सातवीच पुनः बोलावी, बाकीच्यांस हात लावावा लागत नाहीं. परंतु एक खोंच आहे. एक स्लाइड जाऊन दुसरी येत असतां त्या क्षणीं ध्वनिमुद्रण होत नाहीं. जो घाईनें बोलत सुटतो त्याचे पहिले दोन शब्द गिळले जातात. म्हणून स्लाइड पुरती स्थिर होऊं द्यावी, मनांत 'हरि' म्हणावें, मग बोलावें. शेवटीं सर्वांची एमपी४ चित्रफीत करावी. आपल्या संगणकावरील देवनागरी टंक दुसऱ्याच्या संगणकावर नसला तर उघड्या स्लाइडींतील जोडाक्षरें फुटतात. चित्रफितींत तीं जशीं मांडलीं तशींच गोठतात, हा एक लाभ. आणि एकदां गोठलीं कीं दुरुस्त होत नाहींत, हा दुसऱ्या अंगानें तोटा.

आतां ती हकीकत.

इ. स. २०२३ च्या पावसाळ्यांत आमच्या पंचक्रोशींत लहान मुलांस जुलाबांची सांथ आली. उपकेंद्रांतील परिचारिकाबाई व आशा कार्यकर्त्या घरोघर हिंडत होत्या. जलसंजीवनीचीं पाकिटें त्या देत, परंतु पाकीट हाताशीं नसलें तर घरीं काय करावें हें प्रत्येकीस पुनः पुनः सांगतांना त्यांचा घसा बसे. त्यांनीं आम्हांस म्हटलें, "मास्तर, तुम्ही ते बोलतं चित्र करता ना, आम्हांला यावर एक करून द्या."

काम पुण्याचें होतें. साखर-मिठाचें पाणी ही दिसावयास क्षुल्लक गोष्ट. पण आंतड्यांत साखरेच्या सोबतीनें मीठ व त्याच्या पाठोपाठ पाणी शोषलें जातें या तत्त्वावर तिनें किती जीव वांचविले त्याची गणती नाहीं. इ. स. १९७१ मध्यें बांगला देशाच्या युद्धांत बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकी उसळली असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपल्यावर हेंच पाणी पिंपें भरभरून तयार करविलें, व आजाऱ्यांच्या नातलगांकरवीं तें पाजविलें. शेंकडा ३० च्या घरांत गेलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४ च्या खालीं आलें. ते इ. स. २०२२ मध्यें वारले. पद्मविभूषण मिळालें तें त्यानंतर.

आम्हीं आठ स्लाइड केल्या. चार मिनिटें दहा सेकंद. समासांच्या वेळची चूक आतां होणार नव्हती! जें बोलावयाचें तें लिहावयाचें नाहीं, हा नियम आम्हांस नवीनच सांपडलेला, आणि नवीन नियम सांपडलेला मास्तर फार धोक्याचा असतो. चौथी स्लाइड कृतीची. तींत मूळ तीन ओळी होत्या: पाणी १ लिटर, साखर ६ चमचे, मीठ अर्धा चमचा. आम्हांस वाटलें, पाण्याचें तर आपण सविस्तर बोलतोंच आहों, उकळावें, गार करावें, एक लिटर मोजून घ्यावें. मग ती ओळ कशास? ती काढली. रिकाम्या झालेल्या जागीं पुतण्यानें एक सुरेख चित्र बसविलें. कांचेचा स्वच्छ पेला, त्यांत पाणी, आंत चमचा. आम्हीं शाबासकी दिली. चित्रफीत गांवच्या गटावर गेली, तेथून वाड्यावाड्यांवर पसरली. आम्हांस पुष्कळ नमस्कार आले.

चौथ्या दिवशीं दुपारीं खालच्या वाडीवरील एक तरुण सून दोन वर्षांच्या मुलास कडेवर घेऊन आमच्या मागील दारीं आली. मूल मलूल झालेलें. वहिनींस म्हणाली, पोर पाणी घेत नाहीं, तोंड फिरवितें, घेतलें तें ओकतें. वहिनींनीं विचारलें, "पाणी कसं केलंस?"

"सहा चमचे साखर, अर्धो चमचो मीठ."

"किती पाण्यात?"

"पेल्यात. मास्तरांनी दाखयल्यानी तसांच केलंय, काकी."

आम्ही पडवींत वाचीत बसलों होतों. तो शब्द कानीं पडला आणि पुस्तक हातांतून खालीं ठेवलें एवढें आठवतें. पेला म्हणजे फार तर २०० मिलिलिटर. लिटराच्या पांचव्या हिश्श्यांत सगळें मीठ व सगळी साखर. इतकी साखर आंतड्यांत गेली तर ती उलट शरीरांतील पाणी ओढून जुलाब वाढविते, आणि इतकें मीठ जुलाबांनीं सुकलेल्या लहान मुलाच्या अंगीं चढलें तर तें जिवावरचें ठरतें. त्या पोरानें तोंड फिरविलें हें त्याचें नशीब. आमच्या विद्येपेक्षां त्याची जीभ शहाणी निघाली.

वहिनी एक अक्षर बोलल्या नाहींत. त्यांनीं तिला आंत बसविलें, साधें उकळून गार केलेलें पाणी चमच्या-चमच्यानें पोराच्या तोंडांत घालावयास सांगितलें, व पुतण्यास मोटरसायकलवरून उपकेंद्राकडे पिटाळलें. अर्ध्या तासांत परिचारिकाबाई स्वतः आल्या. पाकीट एक लिटर पाण्यांत आमच्यासमोर कालवलें, मुलास तपासलें, जस्ताच्या गोळ्या १४ दिवसांसाठीं दिल्या, आणि संध्याकाळपर्यंत येथेंच ठेवा म्हणाल्या. पांच वाजतां त्यानें आमच्या चष्म्यास हात घातला तेव्हां आम्हांस नीट श्वास घेतां आला.

तिला आम्हीं विचारलें, "बाळे, चित्रफितींत मी लिटर म्हणून सांगितलें होतें, तें ऐकलें नाहींस काय?" ती म्हणाली, पोर नुकतेंच झोपलें होतें, म्हणून आवाज बंद ठेवून पाहिलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमची ती चित्रफीत जरा आवाज बंद करून पाहा बरं." आम्हीं पाहिली. तीन वेळां पाहिली. आवाजाविना ती चौथी स्लाइड दुसरें कांहीं सांगतच नव्हती. पेला, सहा चमचे, अर्धा चमचा. त्या मुलीनें आम्हीं दाखविलें तें तंतोतंत केलें होतें.

मेयरसाहेबांचा नियम खोटा नव्हे. तो आम्हीं अर्धाच वाचला होता. मोजके महत्त्वाचे शब्द चित्राच्या जवळच लिहिण्यास त्यांची हरकत नाहीं. उलट त्यानें मदतच होते असें ते म्हणतात. विवरण कानासाठीं ठेवावें हें खरें, पण जें माप चुकलें असतां माणूस मरेल तें डोळ्यासहि दिसलें पाहिजे, कानासहि ऐकूं आलें पाहिजे, आणि चित्रानें त्याच्या विरुद्ध साक्ष देतां कामा नये. तो पेला शोभेसाठीं आणला होता. शोभेचें चित्रहि बोलतें, आणि आवाज बंद केला कीं तेवढेंच बोलतें.

त्याच रात्रीं चौथी स्लाइड मोडली. पेला गेला. त्याच्या जागीं प्रत्येक घरांत सांपडते ती बाजारची १ लिटरची पाण्याची बाटली, तोंडापर्यंत भरलेली, आणि शेजारीं पातेलें. छायाचित्र आमच्याच ओट्यावर काढलें. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा, आणि सपाट भरलेला. त्यावर शीग असलेला चमचा दुसऱ्या चित्रांत काढून त्यावर तांबडी फुली. तिन्ही मापें मोठ्या अक्षरांत. खालीं एक ओळ: केलेलें पाणी २४ तासांच्या आंत संपवावें, उरलेलें टाकावें. स्लाइड एकच असल्यामुळें निवेदनहि तेवढेंच पुनः करावें लागलें. पहांटे अडीच वाजतां गोधड्यांच्या खोलींत बसून आम्ही ते दोन-अडीचशें शब्द सात वेळां बोललों. सहा वेळां आवाज कांपला.

परीक्षा वहिनींनीं घेतली. आयआयटीच्या त्या उपक्रमांत संहिता मुद्रणापूर्वीं एखाद्या नवख्या माणसास देऊन तो तेवढ्यावरून काम करूं शकतो कीं नाहीं हें पाहतात. आमच्या वहिनी स्वयंपाकांत नवख्या नाहींत, परंतु चित्रफितींच्या बाबतींत त्यांच्याइतका निर्दय परीक्षक आम्हांस मिळाला नसता. प्रथम त्यांनीं फोनचा आवाज बंद करून पाहिलें. मग फोन पालथा घालून नुसतें ऐकलें. मग दोन्ही मिळून. प्रत्येक वेळीं वाटींतील साखर व मीठ खरोखरच मोजून पातेल्यांत घातलें. दुसऱ्या खेपेस त्या म्हणाल्या, "तुम्ही 'प्रमाणात' म्हणता. कोणत्या?" तो शब्द काढला. तेव्हांपासून आमच्या घरून कोणतीहि चित्रफीत या तीन परीक्षांवांचून बाहेर जात नाहीं. समासांचीसुद्धां, तेथें कोणाच्या जिवास धोका नाहीं, पण दोष लगेच उघडे पडतात.

जुनी परत घेणें हें निराळेंच प्रकरण झालें. गटावर टाकलेला संदेश ठराविक मुदतींत सर्वांसाठीं पुसतां येतो, परंतु ज्यांनीं तो पुढें धाडला त्यांच्या प्रती आपल्या हातीं राहत नाहींत. छापील पुस्तकास शुद्धिपत्र जोडतां येतें. यास कशानें जोडावें? नव्या चित्रफितीच्या पहिल्याच स्लाइडीवर आम्हीं लिहिलें कीं, पेल्याचें चित्र असलेली आमची पूर्वीची चित्रफीत चुकीची आहे, ती पुसून टाकावी, आणि चूक आमची आहे. पुतण्यास वाटलें, एवढें उघड लिहूं नये. आम्हांस वाटलें, लिहावें. त्याशिवाय आशा कार्यकर्त्या व आम्ही मिळून तीन दिवस वाड्यावाड्यांवर हिंडलों. साठी उलटलेला मास्तर छत्री घेऊन दारोदार "तो पेला विसरा, बाटली घ्या" असें सांगत फिरतो आहे, हें पाहून कांहीं मंडळी हंसलीं. एका घरीं पेल्याचें पाणी तयार करून झांकून ठेवलेलें सांपडलें. तें आमच्या हातानें अंगणांत ओतलें.

खालच्या वाडीवरील तें मूल आतां बालवाडींत जातें आणि आम्हांस पाहिलें कीं चष्मा मागतें.

त्याच वर्षीं मार्गशीर्षांत इंदूरच्या आमच्या एका आप्तांनीं दुपारीं मोबाइलवर एक चित्रफीत पाठविली. सोबत शेरा होता: "अत्यंत उपयुक्त माहिती, सर्वांस पुढें पाठवावी." आम्हीं उघडली. आवाज आमचाच होता, आणि चौथ्या स्लाइडीवर तो पेला होता. आम्हीं त्यांस तत्काळ फोन लावला व त्यांनीं ती आणखी कोणाकोणास धाडली आहे तीं नांवें एक एक करून वहींत उतरून घेतलीं.